ताकभाताची साक्ष

अण्णा, तुम्ही गेल्यावर रोज संध्याकाळी लोक येऊन बसत. कुणी तुमच्या अक्षराविषयी बोललं, कुणी तुमच्या छडीविषयी. छडी खाल्लेल्यांपैकी एकजण पुढं पेशकार झाला, त्यामुळं त्याला ती आता गोड लागत होती. मी आतल्या दाराशी बसून ऐकत असे. शेजारच्या घराचा विषय मात्र कुणी काढला नाही. एकदा निघणार होता, पण सांगणाऱ्याची नजर माझ्याकडं गेली आणि त्यानं प्यायला पाणी मागितलं.

म्हणून तो मीच काढते. तुम्हाला जाऊन दोन महिने होतील. येत्या सोमवारी तुमच्या मुलाचा, दत्तूचा, वकील घरी येणार आहे, माझा जबाब लिहून घ्यायला. पुन्हा शुफ्याचाच, शेजारहक्काचा, दावा आहे आणि पुन्हा माझीच साक्ष. फरक इतकाच की या वेळी घर आपलं आहे. सोमवारच्या आत मला तुम्हाला एक गोष्ट विचारायची होती. ती तुम्ही असताना विचारायला पाच वर्षं होती.

मी हैदराबादेहून शाळा संपवून परत आले तेव्हा तुम्ही मला, तुमच्या पुतणीला, 'मडम' म्हणू लागलात. "मडम, तुझी मराठी इस्त्री केलेली हाय. जरा चुरगाळ तिला." मी हसले नाही, म्हणून तुम्हीच हसलात. मला घरात बोलायला जड जात होतं. कॉन्व्हेंटात सहा वर्षं गप्प राहण्याबद्दल बक्षिसं मिळाली होती. इथं काकू सारख्या विचारत, "कामून बोलंनास गं? काय झालंय?" काहीच झालेलं नसे.

तुम्ही मला बोलायला लावलं नाहीत. मोजायच्या दोरीचं एक टोक माझ्या हातात दिलंत आणि शेजारी हकीमसाहेबांच्या घरी घेऊन गेलात. हकीमसाहेब वारले होते, मुलं हैदराबादला राहायला गेली होती. घरात मुलांच्या म्हाताऱ्या आत्या, बडी बी, तेवढ्या उरल्या होत्या. त्या दालनातली पश्चिमेची भिंत मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिली. आपल्या बीदरच्या मोठ्या मदरशाच्या मनोऱ्यावर ज्या चिनी फरशा उरल्या आहेत, तशाच, पण हाताला लागतील अशा. खाली निळ्या, वर हिरव्या-पांढऱ्या वेली, मधे मधे नुसता चुना. बादशाही कुठली, किती जुनी, हे तुम्हालाही सांगता येत नव्हतं. तुम्ही म्हणायचात, "किल्ल्यातल्या भिंतीला शिपाई हाय. हिला बडी बी हाय."

ती सबंध उन्हाळ्याची सुट्टी आपण ती भिंत वहीत उतरवली. तुम्ही चौकटी पाडून बसायचात आणि मी भिंतीशी उभी राहून वाचायची. चौथी ओळ: निळी, निळी, पांढरी, फुटकी. मी एकदा विचारलं, फुटकीला कोणता रंग द्यायचा. तुम्ही म्हणालात, "फुटकी हाच तिचा रंग. लिही." बडी बी सरबत आणून ठेवायच्या. तुम्ही ते त्यांच्याकडं घेत नसा, आणि त्याही रोज आणायच्या, आणि रोज ते मी प्यायची.

रेल्वे आली आणि गावाचं तोंड फिरलं. स्टेशनाकडं बंगले उठू लागले. तटाच्या आतल्या घरांना गिऱ्हाईक मिळेना, आणि मिळालं तर ते घरासाठी नसे. दगड, चौकटी, सागवानी तुळया, नक्षीचे खांब, यांच्यासाठी असे. जुनं घर मोडायचं, गाड्यांवर घालायचं आणि त्याचं स्टेशनापाशी नवं करायचं. चौबाऱ्याच्या बुरुजाजवळून दर आठवड्याला कुणाचं तरी माळवद गाडीतून जायचं. तुम्ही वाटेत थांबून गाडीवानाला विचारायचात, "कुणाचं?" तो घरमालकाचं नाव सांगायचा, मयत झालेल्या माणसाचं सांगावं तसं.

आपला वाद तिथंच व्हायचा. मी म्हणायची, घर ज्याचं त्यानं ते विकावं, त्यात आपण काय बोलणार. तुम्ही म्हणायचात, घर मालकाचं असतं, पण ते ज्याच्या डोळ्यापुढं उभं असतं त्याचंही थोडं असतं. मी म्हणायची, असं थोडं थोडं मोजलं तर कुणाचंच राहणार नाही. तुम्ही चिडून "इंग्रजी शिकवली तेच चुकलं" म्हणायचात आणि पाच मिनिटांनी भिंतीच्या वहीतली एखादी ओळ तपासायला मला हाक मारायचात.

एक गोष्ट मी तेव्हा सांगितली नाही. हैदराबादेत मामांनी नवा बंगला बांधला, त्याचं पुढचं दार बीदरचं होतं. वर कमळं आणि मधे पितळी कड्या. मामी येणाऱ्या-जाणाऱ्यांना कौतुकानं सांगायच्या, "जुनं आहे, बीदरहून आणवलं." मी त्या दारातून सहा वर्षं शाळेत गेले. तुमच्याशी वाद घालताना ते दार माझ्या डोळ्यापुढं असे, आणि मी ज्या जोरानं बोलत असे तो जोर त्या दाराचा होता. हे तुम्हाला सांगायचं राहिलं.

मग ती सकाळ आली. मी मागच्या अंगणात होते. भिंतीपलीकडून बडी बींनी हाक मारली. त्या रडत नव्हत्या. म्हणाल्या, "बेच दिए बेटी. कल कागज हो गया. हळ्ळीखेड के संगप्पा लिए." संगप्पा आपल्याला ठाऊक होते. शेती सांभाळून लाकूड-दगडाचा धंदा करणारे, हुमनाबादपासून भालकीपर्यंत घरं मोडणारे.

मी आत आले. तुम्ही पाटावर बसला होता. जेवणाआधीचं आपोशन झालं होतं आणि जेवण संपेपर्यंतचं तुमचं मौन सुरू झालं होतं.

अण्णा, इथं मला खरं लिहिलं पाहिजे. मी थांबू शकले असते. तुमचं जेवण किती, पंधरा मिनिटांचं. पण मला अवघड असलेलं सगळं मी तुम्हाला त्याच वेळी सांगत असे, हे तुम्ही ओळखलं होतं का? परीक्षेत गणितात नापास झाले ते मी तुम्हाला वरणभाताला सांगितलं. उदगीरचं स्थळ नको हे भाजीच्या वेळी. तुम्हाला उलटून विचारता यायचं नाही, तुमची मान खाली असायची, आणि तुमचं जेवण होईपर्यंत माझं धैर्य आणि तुमचा राग दोन्ही निवलेले असायचे. हात धुऊन तुम्ही म्हणायचात, "झालं का तुझं कीर्तन? आता आमचं ऐक." पण तोवर फारसं ऐकवण्यासारखं उरलेलं नसे. त्या दिवशीही बातमी वाईट होती आणि मी सवयीनं दारात उभी राहून ती सांगून टाकली. "हकीमसाहेबांचं घर संगप्पांनी घेतलं. काल कागद झाला."

तुमचा घास थांबला. मग पुढं गेला.

शुफा काय असतो ते मला त्या क्षणी ठाऊक नव्हतं. तुम्हाला होतं. भिंतीला भिंत लागून असलेलं घर विकलं गेलं तर त्याच किमतीत ते आधी शेजाऱ्याला मागता येतं. मात्र बातमी कानावर पडली की तिथंच, त्याच बैठकीत, तोंडानं म्हणावं लागतं की मी मागतो. मधे दुसरं काही केलं की हक्क गेला. चार वर्षं तुम्ही त्या एका वाक्याची तयारी करून बसला होता. पैशाची जुळणी करून ठेवली होती, काकूंनी पाटल्या काढून दिल्या होत्या. आणि ते वाक्य म्हणायची वेळ आली ती मी अशी आणली, की ते म्हणायचं तर मौन मोडायला हवं होतं.

तुम्ही मोडलं नाहीत. काकूंनी नेहमीप्रमाणं न विचारता ताकभात वाढला आणि तो तुम्ही खाल्लात. शेवटचं आपोशन घेतलंत, आणि मग मी तुम्हाला कधी पाहिलं नव्हतं तसे उठलात. उष्टा हात तसाच, अनवाणी, धोतर सावरत तुम्ही बाहेर गेलात आणि हकीमसाहेबांच्या दाराशी उभं राहून मोठ्यानं म्हणालात की हे घर मी शुफ्यानं मागतो. रस्त्यावरून एक भिस्ती आणि एक पिंजारी चालले होते. त्यांना थांबवून साक्षी केलंत. काकू दारात येऊन म्हणाल्या, "अवं, हात तर धुवा."

दावा उभा राहिला तेव्हा बातमी तुम्हाला कधी कळली हे सांगणारी मी एकटीच होते. तुमचे वकील वयस्क होते, नमाजी. त्यांनी अगदी सुरेख बाजू मांडली. नमाजाला उभा असलेला माणूस बातमी कळली म्हणून नमाज मोडत नाही, ती पुरी करून मागतो, आणि त्याचा हक्क जात नाही. ब्राह्मणाचं मौन धरून जेवणं हीही इबादतच आहे. मुन्सिफसाहेब मान हलवत होते. मला वाटलं, घर राहिलं.

आदल्या दिवशी वकीलसाहेब मला म्हणाले होते, "बेटी, जितना पूछे उतनाइच बोलना." तेवढंच. दुसरं काही बोल असं ते म्हणाले नाहीत. तुम्ही त्यांच्या शेजारी बसून पंच्याच्या टोकाशी खेळत होता. मी तुमच्याकडं पाहिलं. तुम्ही वर पाहिलं नाही.

कोर्टात इतकी माणसं माझ्याकडं बघत होती की मला माझेच हात परके वाटत होते. मुन्सिफसाहेब मायेनं बोलले. बातमी सांगितली तेव्हा पानात काय होतं? मी म्हटलं, भात आणि भाजी. ते संपवून उठले? मी म्हटलं, जी. मग लिहिता लिहिता त्यांनी सहज विचारलं, "उसके बाद और कुछ लिए थे?"

मी म्हटलं, "जी. छाछ-चावल."

"मांगे थे?"

"नाही. काकूंनी वाढलं."

"मना किए?"

मी गप्प राहिले. गप्प राहण्याबद्दल मला इतकी बक्षिसं मिळाली होती, पण तिथं ते चालेना. त्यांनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "मना नहीं किए. खाए."

संगप्पांचा वकील हसला. मुन्सिफसाहेब हसले नाहीत. निकालात त्यांनी लिहिलं की सुरू असलेली नमाज पुरी करणाऱ्याचा हक्क राहतो, पण ती झाल्यावर आणखी रकाती, आणखी आवर्तनं, वाढवणाऱ्याचा राहत नाही. तुमच्या वाढीव रकाती म्हणजे पळीभर ताक आणि मूठभर भात.

घरी येताना तुम्ही एकच वाक्य बोललात. "ऊन लई हाय. डोक्यावरनं पदर घे."

मला तुम्हाला विचारायचं आहे ते हे. मी नाही म्हणायला हवं होतं का? "ताक घेतलं नाही," इतकंच. भिस्त्यानं पाहिलं नव्हतं, पिंजाऱ्यानं पाहिलं नव्हतं, काकूंना कुणी विचारणार नव्हतं. तुम्ही पोरांना खोटं बोलल्याबद्दल छड्या मारल्यात, म्हणून 'खोटं बोल' असं तुम्हाला सांगता आलं नसेल; पण तुम्हाला ते हवं होतं का? की तुम्हाला माझा राग आलाच नव्हता, स्वतःचाच आला होता? मौन मोडता आलं असतं, प्रायश्चित्त घेता आलं असतं. ते राहू दे, ताकावर आडवा हात धरता आला असता. त्या चार घासांत तुम्ही काय विचार करत होता, हे मी पाच वर्षं तुमच्या पानाकडं बघून ओळखायचा प्रयत्न केला. तुम्ही मात्र त्यानंतरही तसेच जेवत राहिलात, ताकभातासकट. आणि मी जेवताना तुम्हाला काही सांगायचं सोडून दिलं. ते तुमच्या ध्यानात आलं असेल. एकदा हात धुताना तुम्ही म्हणालात, "अलीकडं कीर्तन बंद हाय." मी "व्हय" म्हटलं आणि भांडी उचलली. दार उघडलं होतंत तुम्ही, अण्णा. मीच आत आले नाही.

घर मोडायला लागलं तेव्हा संगप्पा आपल्याकडं आले. तुम्ही त्यांना बसा म्हणालात. त्यांना ते अवघड गेलं. म्हणाले, "अण्णा, मी लाकडाचा मानूस. त्या भितीचं मला काय करायचंय? तुमी न्या की." तुम्ही गवंडी लावलात. पहिल्या दिवशी तीन फरशा निघाल्या, तिन्हींचे तुकडे. चुना दगडाहून घट्ट झाला होता. दुसऱ्या दिवशी दोन निघाल्या. तिसऱ्या दिवशी तुम्ही गवंड्याला पुरी मजुरी देऊन परत पाठवलंत. छपराविना उभी राहिलेली ती भिंत वर्षभरात बसली. बडी बींना त्यांचे भाचे घेऊन गेले. जाताना त्या मला म्हणाल्या, "सच बोली, अच्छा की." त्या एकट्याच तसं म्हणाल्या, आणि घर त्यांचं गेलं होतं.

आता आपलं सांगते. दत्तूची रजा संपत आली होती. हैदराबादेतली नोकरी सोडून तो इथं राहणार नाही, आणि एवढं घर एकट्या काकूंना कसं झेपणार, हे त्याचं म्हणणं खोटं नाही. त्यानं गिऱ्हाईक मात्र चांगलं शोधलं. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर. घर मोडणार नाहीत, आणि काकूंना हयातभर मागच्या दोन खोल्या देणार, असं त्यांनी तोंडानं कबूल केलं. कागदात ते नाही. कागद झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी संगप्पा काकूंना भेटायला आले. ते अधूनमधून येत होते, जवारीचा हुरडा घेऊन, तूर घेऊन. मी चहा दिला. दत्तूला चांगली बातमी पोटात ठेवता येत नाही, तुमच्या उलट. तो म्हणाला, "घर डॉक्टरांना दिलं, संगप्पा. काल कागद झाला. मोडायचं न्हाई म्हणलेत."

संगप्पांनी कप खाली ठेवला. ओठाला लावला नव्हता. उभे राहिले आणि म्हणाले, "हकीमसाहेबांची जागा माझी हाय. भितीला भीत लागून हाय. ह्ये घर मी शुफ्यानं मागतो." मग माझ्याकडं वळले. "इंदक्का, तुमी ऐकलं न्हवं?"

ते तुमच्या खटल्याच्या दिवशी कोर्टात शेवटच्या बाकावर बसले होते. तिथं ते शिकले.

दत्तू पांढरा पडला. संगप्पा म्हणाले, "राग नका धरू, दत्तोबा. ती जागा नुस्ती पडून हाय. दोन्ही मिळून वखार व्हईल. अण्णा असते तर तेंनी मागितलं असतं, मी मागायलोय." ते निघून गेल्यावर चहावर साय धरली होती. मी कप उचलून नेला.

तेव्हापासून दत्तू माझ्या मागं लागला आहे. तो वाईट नाही. आईसाठीच करतो आहे. "चहा पिऊन उठले म्हणून सांग. आणखी काय न्हाई. चहा पिला, किंमत इचारली, मग मागितलं." मी म्हटलं, प्याले नव्हते. तो हळू म्हणाला, "अण्णांच्या वेळंला ताक सांगितलंस. आता आईच्या वेळंला एक कप चहा सांगता येईना तुला?"

तुमच्या वेळी खरं सांगून मी जे घालवलं ते तुमचं होतं. आता खरं सांगून जे जाईल ते काकूंचं. आणि आता खोटं सांगितलं, तर तेव्हा का नाही सांगितलं? तुम्ही एकदा, फक्त एकदा म्हणाला असतात की बरं केलंस, तर मला बळ आलं असतं. किंवा म्हणाला असतात की चुकलीस पोरी, तर आज वाट मोकळी झाली असती. तुम्ही ऊन फार आहे म्हणालात. त्यावर मी पाच वर्षं काढली, पण त्यातून सोमवारचं काही निघत नाही.

मी स्वतःला ओळखते, अण्णा. शौर्य म्हणून नाही. वकील विचारेल, चहा प्याले? आणि माझ्या तोंडून जे झालं तेच बाहेर येईल, कारण दुसरं तयार करून बोलायला जी हुशारी लागते ती मला नाही. घर जाईल. माळवदाच्या तुळया स्टेशनाकडं जातील. काकू दत्तूकडं जातील. जिथं त्यांना भाषा कळते पण माणसं कळत नाहीत, तिथं.

आज सकाळपासून मी तुमच्या खोलीतली पुस्तकं बांधायला घेतली आहेत. दत्तूला काही सांगितलेलं नाही. मघाशी काकू काठी टेकत आल्या आणि उंबऱ्यात बसल्या. "कामून बांधायलीस गं समदी?"

मी म्हटलं, वाळवी लागली आहे, उन्हात घालायची आहेत. एकाही पुस्तकाला वाळवी नव्हती.

त्यांनी मान हलवली, आणि मला दोरी कापून द्यायला बसल्या. मी सांगितलं म्हणजे ते तसंच असणार, असं त्या धरून चालतात.